परदेशात राहता, घर आणि ठेवी भारतात: कराचं काम कुठल्या क्रमानं उरकायचं

ठाण्यातला फ्लॅट विकायला मला तीन आठवडे लागले. त्यावरचा कर निस्तरायला चौदा महिने.

कर काही फार नव्हता. सगळा हिशेब संपल्यावर जो आकडा निघाला तो मी पहिल्याच दिवशी आनंदानं भरला असता. पण मी कामं उलट्या क्रमानं केली. आधी टोकन घेतलं, मग करारनामा केला आणि मग सीएला फोन केला. अनिवासी भारतीयासाठी हा क्रम बरोबर उलटा हवा. एकदा पैसा हलला की कागद दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो, आणि तोही साडेनऊ तासांच्या फरकानं, रात्री जागून.

मी २०१० पासून अमेरिकेत आहे, त्यामुळे खालची काही उदाहरणं तिथली आहेत. पण भारतातली बाजू दुबई, लंडन, टोरांटो कुठूनही सारखीच आहे. दर आणि नियम आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतचे आहेत. आयकर कायदा २०२५ हा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. मी सगळीकडे जुनेच क्रमांक दिले आहेत, कारण सीए, बँका आणि जुनी कागदपत्रं अजून त्याच भाषेत बोलतात.

१. आधी ठरवा: कराच्या लेखी तुम्ही कोण?

पासपोर्ट कुठला आहे यावर हे ठरत नाही. भारतात किती दिवस राहिलात यावर ठरतं, आणि दर आर्थिक वर्षी नव्यानं ठरतं.

ढोबळ नियम असा. एका आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिलात तर तुम्ही निवासी. दुसरी अट अशी की त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले तरी निवासी. पण भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाची व्यक्ती परदेशातून भेटीला येत असेल तर त्या ६० च्या जागी १८२ धरतात. नोकरीसाठी देश सोडला त्या वर्षी नागरिकांना हीच सवलत मिळते.

इथे एक खाच आहे. तुमचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर भेटीच्या सवलतीतले १८२ दिवस १२० वर येतात. आई-वडिलांच्या आजारपणात चार महिने राहिलेल्या आणि त्याच वर्षी फ्लॅट विकलेल्या माणसाला ही खाच बरोबर लागते, कारण विक्रीचा नफाही त्या १५ लाखांत मोजला जातो. अशा वेळी तुम्ही 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या मधल्या गटात जाता. परदेशातला पगार तरीही भारतात करपात्र होत नाही, पण अनिवासी म्हणून भरलेले फॉर्म चुकीचे ठरतात.

आखाती देशांत राहणाऱ्यांसाठी आणखी एक. भारतीय नागरिक आहात, भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि दुसऱ्या कुठल्याच देशात निवासी म्हणून कर लागू होत नाही, तर एक दिवसही भारतात न येता कायदा तुम्हाला निवासी मानू शकतो. गट तोच, मधला.

पासपोर्टवरचे शिक्के बघून एक साधा तक्ता करा: आल्याची तारीख, गेल्याची तारीख, दिवस. यायचा आणि जायचा असे दोन्ही दिवस मोजा. मी हा तक्ता पंधरा वर्षांनी आठवून आठवून केला. तुम्ही दर फेरीनंतर विमानतळावरच भरा.

२. पॅन आणि बँक खाती साफ करा

हे कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच राहून जातं.

पॅन चालू आहे का ते आयकराच्या पोर्टलवर तपासा. अनिवासींना पॅन-आधार जोडणी सक्तीची नाही, पण तुम्ही अनिवासी आहात हे खात्याला माहीत असावं लागतं. पोर्टलवर निवासी दर्जा न बदलल्यामुळे ३० जून २०२३ ची मुदत उलटल्यावर कितीतरी जणांचे पॅन निष्क्रिय झाले. निष्क्रिय पॅनवर टीडीएस (पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) जास्त दरानं कापला जातो आणि परतावा अडकतो.

पॅन कुठल्या अधिकाऱ्याकडे आहे हेही त्याच वेळी बघा. माझा पॅन नोकरीच्या पहिल्या वर्षी निघालेला, त्यामुळे तो मुंबईतल्या साध्या वॉर्डातच पडून होता. अनिवासींची प्रकरणं आंतरराष्ट्रीय करआकारणी विभागाकडे जातात. पॅन तिकडे वर्ग करून घ्यायला अर्ज लागतो, आणि पायरी ५ मधलं सर्टिफिकेट त्याशिवाय पुढे सरकत नाही.

आता खाती. देश सोडल्यावर जुनं बचत खातं तसंच चालू ठेवणं परकीय चलन कायद्यात बसत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं. भारतातलं भाडं, लाभांश, विक्रीची रक्कम हे सगळं एनआरओत येतं. परदेशातली कमाई भारतात पाठवायची तर एनआरई. 'आईच्या नावावर संयुक्त आहे, चालतं' हे मीही दहा वर्षं म्हणत होते. चालतं, बँकेनं केवायसी मागेपर्यंत. मग ऐन व्यवहाराच्या आठवड्यात खातं गोठतं.

३. ठेवी, लाभांश आणि फंड

एनआरई आणि एफसीएनआर (परकीय चलनातल्या) ठेवींचं व्याज अनिवासींना भारतात करमुक्त आहे. एनआरओचं व्याज करपात्र आहे आणि त्यावर बँक ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापते. त्यात पहिल्या रुपयापासून सूट नाही.

हा दर कमी करता येतो. भारताचे अनेक देशांशी दुहेरी कर टाळण्याचे करार आहेत. त्यात व्याजाचा दर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, सिंगापूर यांच्याशी साधारण १५ टक्के, संयुक्त अरब अमिरातीशी १२.५, जर्मनीशी १० असा आहे. त्यासाठी बँकेला दर वर्षी दोन गोष्टी द्याव्या लागतात: तुम्ही राहता त्या देशाच्या कर खात्याचा निवासी दाखला, आणि आयकर पोर्टलवर भरलेला फॉर्म १०एफ. अमेरिकेत हा दाखला फॉर्म ८८०२ नं मागवायचा. हातात येतो तो फॉर्म ६१६६. यायला महिने लागू शकतात, म्हणून एप्रिलमध्ये बँकेनं मागितल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच मागवा.

करारातला दर नेहमीच फायद्याचा असतो असं नाही. अमेरिकेशी झालेल्या करारात व्यक्तीला मिळणाऱ्या लाभांशावर २५ टक्के आहेत, भारताच्या कायद्यात २० अधिक उपकर. दोन्हींतला जो कमी तो लावून घ्यायचा हक्क तुमचा आहे.

शेअर आणि इक्विटी फंडांवर २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्याला १२.५ टक्के, तेही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या भागावर. वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के. निवासी माणसाचा फंड विकताना टीडीएस नसतो, तुमचा असतो. दुसऱ्या फंडात तुम्हाला तोटा झालाय हे फंड कंपनीला माहीत नसतं, त्यामुळे ती नफ्यावर पूर्ण कापते. ते पैसे रिटर्न भरूनच परत मिळतात.

४. भाड्यानं दिलेलं घर

याबद्दल घरमालक आणि भाडेकरू दोघंही गाफील असतात. घरमालक अनिवासी असेल तर भाडेकरूनं भाड्यावर ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो. भाडं किती, याला मर्यादा नाही. महिना पंधरा हजार असलं तरी नियम तोच. भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो, दर तिमाहीला २७क्यू हे विवरण भरावं लागतं. हे ऐकून अर्धे भाडेकरू पळ काढतात, उरलेले काहीच कापत नाहीत.

कापलं नाही म्हणून तुमचा कर टळत नाही. तुम्ही तो आगाऊ कर म्हणून १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या हप्त्यांत भरायचा. वर्षाचा कर १० हजारांच्या आत असेल तर हप्त्यांची गरज नाही. पण खात्यानं विचारलं तर न कापल्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच तुम्ही अनिवासी असल्याचं लिहा. नंतर 'आम्हाला सांगितलंच नाही' हा वाद उरत नाही.

प्रत्यक्ष कर मात्र तेवढा नसतो. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट, कर्ज असेल तर व्याज. दुसरं उत्पन्न नसेल तर बहुतेकांचा कर शून्याच्या आसपास येतो आणि कापलेलं सगळं परत मिळतं.

५. घर विकताना

हा भाग सावकाश वाचा. माझे चौदा महिने इथेच गेले.

निवासी माणूस ५० लाख किंवा त्याहून महाग घर विकतो तेव्हा खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो आणि २६क्यूबी हा फॉर्म भरतो. हे सगळ्यांना माहीत आहे: एजंटला, बिल्डरला, कर्ज देणाऱ्या बँकेच्या माणसाला. म्हणून तुमच्या बाबतीतही सगळे तेच सांगतील. विक्रेता अनिवासी असेल तर हा नियम लागूच होत नाही. तिथे अनिवासींना दिलेल्या रकमांवर टीडीएस कापायचं कलम १९५ आहे, आणि दर वेगळा आहे.

दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असलेल्या घराचा नफा दीर्घ मुदतीचा. त्यावर १२.५ टक्के, अधिक अधिभार, अधिक ४ टक्के उपकर. रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर एकूण १३ टक्के, ५० लाख ते १ कोटी १४.३, त्यापुढे १४.९५. दोन वर्षांच्या आत विकलं तर ३० टक्क्यांपासून सुरुवात.

आणि खरेदीदार हा दर लावतो पूर्ण किमतीवर. कायद्यात कर नफ्यावर आहे, पण तुमचा नफा किती हे ठरवायचा अधिकार खरेदीदाराला नाही. तो जोखीम का घेईल?

माझे आकडे, थोडे गोल करून: २०१२ मध्ये मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून ४२ लाखांना घेतलं, जानेवारी २०२५ मध्ये ९० लाखांना विकलं. नफा ४८ लाख. त्यावर खरा कर १२.५ टक्क्यांनी ६ लाख, उपकर धरून ६ लाख २४ हजार. पूर्ण किमतीवर १४.३ टक्के टीडीएस मात्र १२ लाख ८७ हजार. म्हणजे ६ लाख ६३ हजार रुपये सरकारकडे पडून राहिले.

ते अडकू नयेत म्हणून कलम १९७ आहे. फॉर्म १३ भरून आयकर अधिकाऱ्याकडे कमी दरानं टीडीएस कापण्याचं सर्टिफिकेट मागायचं. अर्ज आयकर खात्याच्या ट्रेसेस या टीडीएसच्या पोर्टलवरून होतो. अधिकारी तुमच्या नफ्याचा हिशेब तपासतो आणि अमुक खरेदीदारानं अमुक दरानं कापावं असं सर्टिफिकेट देतो. ते त्याच खरेदीदारापुरतं आणि त्याच आर्थिक वर्षापुरतं असतं, आणि मिळाल्यानंतरच्या रकमांनाच लागू होतं. म्हणून क्रम असा ठेवा:

- खरेदीदार ठरला की आधी टर्म शीट किंवा समजुतीचा कागद करा. टोकन घ्यायचंच असेल तर अगदी थोडं.
- त्या कागदात 'विक्रेता अनिवासी आहे, कर कलम १९५ खाली कापला जाईल' हे वाक्य घाला.
- लगेच फॉर्म १३ चा अर्ज करा. सहा-आठ आठवडे हातात ठेवा.
- सर्टिफिकेट आल्यावर नोंदणीकृत करार आणि मोठ्या रकमा.
- शक्य असेल तर हे सगळं मार्चच्या तोंडावर आणू नका, वर्ष बदललं की सर्टिफिकेटची मुदत संपते.

माझ्याकडे काय झालं? खरेदीदारानं ९ लाखांचं टोकन दिलं आणि एजंटच्या सांगण्यावरून १ टक्का, म्हणजे ९ हजार, २६क्यूबीनं भरून टाकले. माझ्या सीएनं ते पाहिलं तेव्हा करारनाम्याची तारीख चार दिवसांवर होती. खरेदीदाराला टॅन काढावा लागला, त्याच टोकनवर नव्या दरानं कर व्याजासकट भरावा लागला, आणि आधीचे ९ हजार परत मागायचं वेगळं प्रकरण त्याच्या गळ्यात पडलं. तो माझ्यावर चिडला, आणि त्याचं बरोबर होतं. मी अनिवासी आहे हे त्याला मी सांगायला हवं होतं. त्याच्या कर्जाची मंजुरी संपत आलेली असल्यानं फॉर्म १३ ला वेळच उरला नाही. पूर्ण दरानं कापलं गेलं, जुलैत रिटर्न भरलं, परतावा पुढच्या मार्चमध्ये आला. परताव्यावर महिना अर्धा टक्का व्याज मिळतं हे खरं. त्या व्याजावरही कर आहे.

आमच्या वेळी खरेदीदाराला टॅन लागला. असे तपशील अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा तेवढं व्यवहाराच्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या.

टीडीएस भरला म्हणून विसरू नका. खरेदीदारानं २७क्यू भरलं का, तुमच्या २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात) रक्कम दिसते का, फॉर्म १६ए हा टीडीएसचा दाखला हातात आला का, या तिन्हींची खात्री होईपर्यंत त्याचा फोन नंबर जपून ठेवा. चाव्या दिल्यावर खरेदीदाराची उत्सुकता संपते.

महागाई निर्देशांक धरून २० टक्के की न धरता १२.५, असा पर्याय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांना आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. तो फक्त निवासींना आहे. मी दोन रात्री निर्देशांकाचा हिशेब केला होता.

कर वाचवायचे दोन सरळ रस्ते अनिवासींनाही खुले आहेत. कलम ५४ खाली भारतात दुसरं राहतं घर: विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत खरेदी, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. आणि ५४ईसी खाली आरईसी, पीएफसी यांसारख्या सरकारी कंपन्यांचे रोखे, विक्रीपासून सहा महिन्यांत, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं पैसे अडकवून. माझं मत विचाराल तर पैसे परदेशी न्यायचे असतील तर दोन्ही सोडा, कर भरून मोकळे व्हा. निव्वळ कर वाचवायला घेतलेलं घर पुढे तुम्हीच विकणार आहात.

या पायरीला लागणारे कागद:

- मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू, मुद्रांक शुल्क व नोंदणीच्या पावत्या
- घरात केलेल्या मोठ्या सुधारणांची बिलं. रोख दिलेल्याला पुरावा नसतो, ते विसरा
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत
- पॅन, पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय, परदेशी पत्त्याचा पुरावा
- गेल्या काही वर्षांची आयकर रिटर्न
- रेडी रेकनरप्रमाणे (मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेल्या दरानं) घराचं मूल्य. ते करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल तर कर रेडी रेकनरच्या आकड्यावर बसतो
- मुखत्यारपत्र, तुम्ही स्वतः येणार नसाल तर

मुखत्यारपत्राबद्दल एक गोष्ट. ते भारतीय वकिलातीत किंवा नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून पाठवा, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. भावाच्या कपाटात पडलेलं, मुद्रांक न भरलेलं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाच्या टेबलावर निरुपयोगी ठरतं.

६. वारसानं आलेलं घर किंवा जमीन

भारतात वारसा कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये गेली. घर नावावर झालं म्हणून काही भरायचं नसतं. विकताना मात्र खरेदीची किंमत मूळ मालकाची धरतात आणि मुदतही त्यांच्या खरेदीपासून मोजतात. २००१ पूर्वीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, त्या दिवशीच्या रेडी रेकनरच्या मर्यादेत. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. फॉर्म १३ च्या वेळी अधिकारी पहिला प्रश्न त्याचाच विचारतो.

एक वारस निवासी, दुसरा अनिवासी असेल तर प्रत्येकाच्या हिश्शावर वेगळा नियम लागतो. माझ्या मावसबहिणीच्या व्यवहारात खरेदीदारानं दोघा भावंडांचा सगळा कर १ टक्क्यानं कापला होता. पुण्यात राहणाऱ्या भावाचं बरोबर, हिचं चूक.

शेतजमीन, फार्महाउस, मळे अनिवासी भारतीय विकत घेऊ शकत नाही. वारसानं मिळू शकतात. मिळाल्या की सातबाऱ्यावर नाव लावून घ्या. विकायची झाली तर भारतातल्या निवासी नागरिकालाच.

७. पैसे बाहेर नेणं

एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षाला १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, कर भरल्यावर. बँक फॉर्म १५सीए (पैसे पाठवण्याबद्दलचं तुमचं निवेदन) आणि १५सीबी (त्यावरच्या कराबद्दल सीएचा दाखला) मागते. पैशाचा माग दाखवणारे सगळे कागद एकत्र ठेवा: करारनामा, टीडीएसचं चलन, बँकेचं विवरण. प्रत्येक बँकेचा नमुना जरा वेगळा असतो, तेव्हा सीएकडे जाण्याआधी बँकेकडून यादी लेखी मागा.

८. भारतातलं रिटर्न

तुमचा फॉर्म आयटीआर-२, धंदा असेल तर ३. आयटीआर-१ अनिवासींना चालत नाही, पोर्टलनं तो पुढे केला तरी. आयटीआर-२ ची मुदत ३१ जुलै. चुकलीच तर ३१ डिसेंबरपर्यंत दंडासह.

'१२ लाखांपर्यंत कर नाही' ही २०२५ च्या अर्थसंकल्पातली बातमी तुमच्यासाठी नाही. ती सूट कलम ८७ए खालची आहे आणि फक्त निवासींना मिळते. तुमच्यासाठी नव्या पद्धतीत ४ लाखांची मूळ मर्यादा, तीही भाडं आणि व्याजासारख्या उत्पन्नाला. घर विकल्याच्या नफ्यातून ती वजा होत नाही.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करायची असते. आधारला जोडलेला भारतीय मोबाइल बंद पडला असेल तर नेट बँकिंगमधून करा, नाहीतर आयटीआर-व्ही ही रिटर्नची पावती सही करून बेंगळुरूच्या केंद्राला टपालानं पाठवा. परताव्यासाठी एनआरओ खातं पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवा.

९. राहत्या देशाला काय सांगायचं

भारतात करमुक्त म्हणजे सगळीकडे करमुक्त नव्हे. माझी सगळ्यात महाग गैरसमजूत हीच होती. एनआरईचं व्याज, पीपीएफचं व्याज अमेरिकेत करपात्र आहे. भारतात टीडीएस कापलेला नाही, म्हणजे वजा करायला क्रेडिटही नाही.

अमेरिकेत आणखी तीन गोष्टी. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार हा परदेशी खात्यांचा तपशील भरायचा; त्यात आईबरोबरचं संयुक्त खातंही आलं. भारतातले म्युच्युअल फंड तिथे पीएफआयसी (कडक नियमांची परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतात, त्यांचा फॉर्म ८६२१ इतका किचकट की फंडाच्या नफ्यापेक्षा सीपीएची, म्हणजे तिथल्या सीएची, फी जास्त होते. तिकडे जाण्याआधी किंवा गेल्या गेल्या ते विकणं बहुतेकांना परवडतं. आणि परदेशी व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरच्या वर वारसा किंवा भेट मिळाली तर फॉर्म ३५२०. कर शून्य, पण न भरल्याचा दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत.

घराच्या नफ्याचा हिशेब तिथे वेगळाच येतो. माझे ४२ लाख २०१२ च्या साधारण ५३ रुपयांच्या दरानं ७९ हजार डॉलर झाले. ९० लाख साधारण ८६ च्या दरानं १ लाख ५ हजार. भारतात ४८ लाखांचा नफा, अमेरिकेत जेमतेम २६ हजार डॉलरचा. भाड्यानं दिलेल्या वर्षांचा घसारा त्यात मिळवावा लागला, तरीही भारतात भरलेला कर फॉर्म १११६ नं वजा केल्यावर तिथे या नफ्यावर काही उरलं नाही. जास्तीचं क्रेडिट पुढच्या दहा वर्षांसाठी नेता येतं. वारसाच्या घराला तर अमेरिका मृत्यूच्या दिवशीचं बाजारमूल्य खरेदीची किंमत मानते. म्हणून आई-वडील गेले त्या सुमाराचं मूल्यांकन करून ठेवा, दहा वर्षांनी मागे जाऊन करणं अवघड असतं.

ब्रिटनमध्ये पैसे तिकडे आणले तरच कर, ही जुनी पद्धत ६ एप्रिल २०२५ पासून संपली. कॅनडात परदेशी मालमत्तेची खरेदी किंमत १ लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर टी११३५ हा फॉर्म; फक्त स्वतः वापरायचं घर त्यात येत नाही. वर्षांचा मेळ बसत नाही हे सगळीकडचं दुखणं: भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिका आणि कॅनडाचं जानेवारी ते डिसेंबर, ऑस्ट्रेलियाचं जुलै ते जून. व्याजाची विवरणं महिन्यानुसार काढून ठेवलीत तर कुठलंही वर्ष जुळवता येतं.

आणि 'त्यांना कळतं कुठे' हे आता जुनं झालं. भारत आणि बहुतेक देश २०१७ च्या आसपासपासून खात्यांची माहिती आपोआप एकमेकांना देतात.

१०. परत यायचं ठरलं तर

परतल्यावर लगेच जगभरच्या उत्पन्नावर भारताचा कर सुरू होत नाही. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा कमी राहिला असाल, तर तुम्ही त्या मधल्या गटात येता. लांब राहिलेल्यांना साधारण दोन, कधी तीन वर्षं मिळतात. परदेशातले फंड, शेअर, घर विकायचं असेल तर याच काळात विका.

तो काळ संपला की परदेशातली प्रत्येक मालमत्ता रिटर्नमधल्या एफए (परदेशी मालमत्तेच्या) तक्त्यात दाखवावी लागते. अमेरिकेतलं विसरलेलं जुनं बँक खातं, कंपनीनं दिलेले शेअर, ४०१के हे निवृत्तीसाठीचं खातं, सगळं. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या, स्थावर सोडून इतर मालमत्तेला त्यातून सूट आहे. एनआरई खातंही परतल्यावर बदलून घ्यायचं असतं, आणि त्या दिवसापासून त्याचं व्याज करपात्र होतं.

सामान बांधण्याआधी पायरी १ चा दिवसांचा तक्ता उघडा. ऑगस्टमध्ये परतलेल्याचे ३१ मार्चपर्यंत १८२ दिवस भरतात, जानेवारीच्या शेवटी परतलेल्याचे ६० भरतात, फेब्रुवारीच्या मध्यावर परतलेल्याचे तेही भरत नाहीत. त्यात आधीच्या फेऱ्यांचे दिवस मिळवायला विसरू नका, आणि मग विमानाचं तिकीट काढा.